ओहोटी लागल्यावर आलेला निरोप

नोएडातल्या एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, काचेच्या लहानशा खोलीत बसून मी कोकणातल्या मच्छीमारांना वादळाच्या सूचना वाचून दाखवते. खोलीच्या भिंतींना आतून स्पंज लावलेला, समोर माइक, कानांवर हेडफोन. मी वाचते, ते रेकॉर्ड होतं आणि किनाऱ्यावरच्या असंख्य मोबाइलवर एकदम रिंग वाजते. फोन उचलला की माझा आवाज. शेजारच्या खोल्यांत गुजराती, मल्याळी, ओडिया वाचणारे बसतात. आमच्यातल्या कोणालाही खिडकीतून दिसतं ते उड्डाणपूल, अर्धवट बांधलेले टॉवर आणि धूळ.

मी मच्छीमाराची मुलगी आहे हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. मी लपवलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं. नोकरीच्या फॉर्ममध्ये वडिलांच्या व्यवसायापुढे नोकरी, व्यापार, शेती आणि इतर एवढेच पर्याय होते. मी ‘इतर’वर खूण केली. कंपनीचं सगळं काम मच्छीमारांसाठी, आणि कंपनीच्या फॉर्ममध्ये मासेमारी कुठे, तर ‘इतर’मध्ये. तेव्हा मला हसू आलं होतं.

लग्न होऊन मी फरीदाबादला आले त्याला वीस वर्षं झाली. नवरा तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मी निवेदन करायचे, तिथे कोणीतरी माझा आवाज ऐकला आणि ही नोकरी मिळाली. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या तोंडाशी. वडील गेल्यावर आमची बोट दादा चालवायला लागला. तो तांडेल, आणि त्याच्या हाताखाली चार खलाशी. वहिनी मासळी विकते. पहिल्यांदा माझा आवाज त्यांच्या फोनवर वाजला तेव्हा दादाने अख्ख्या वाडीला ऐकवला होता. “बाय, तू काय बोलतेस ते निम्मं कळत नाय, पण आवाज एक नंबर!” तो म्हणाला होता.

निम्मं कळत नाही, हे त्याने हसत सांगितलं आणि मीही हसत ऐकलं. तिथूनच माझी चूक सुरू झाली असं मला आता वाटतं.

कारण तो मजकूर खरोखरच कळण्यासारखा नव्हता. ‘आग्नेय अरबी समुद्रात निर्माण झालेल्या तीव्र प्रणालीच्या अनुषंगाने सागरी क्षेत्र अतिक्षुब्ध राहण्याची शक्यता असून मच्छीमारांनी समुद्रात संचार टाळावा.’ हे मी गोड आवाजात, योग्य जागी थांबत वाचायचे. मूळ मजकूर क्लायंटकडून, म्हणजे आम्हाला हे काम देणाऱ्या संस्थेकडून, इंग्रजीत यायचा. त्याचं मराठी आमचे सर करायचे. सर पुण्याचे, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, हुशार, वागायला सभ्य. मी एकदा सुचवलं होतं, की ‘अतिक्षुब्ध’ऐवजी ‘दर्या खवळणार’ म्हणू या. ते म्हणाले, “मॅडम, ते लोकल झालं. आपल्याला प्रमाण भाषा ठेवायला लागते. पूर्ण कोस्टला जातंय ना.” मी गप्प बसले. ज्यांची भाषा मी रोज दुरुस्त करून वाचत होते, ती माझ्या आईची भाषा होती, आणि मी गप्प बसले.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी वादळ आलं. पावसाळ्यातली मासेमारीबंदी सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. अशा वेळी निम्म्या होड्या किनाऱ्यावर आणि मोठ्या बोटी शेवटच्या फेऱ्यांसाठी पाण्यात असतात. आमच्या खाडीच्या तोंडावर वर्षानुवर्षं गाळ साचलाय. गाळ काढा म्हणून अर्ज करून लोक थकले. त्यामुळे मोठी बोट आत यायची तर भरती पाहिजे, तीही मोठी. उन्हाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, रात्रीची लहान. बाकीचा सगळा वेळ बोटी बाहेर, उघड्यावर, नांगर टाकून उभ्या.

सकाळी नऊला मी ऑफिसात पोचले तेव्हा मजकूर आलेला होता. वादळाने रात्रीत दिशा बदलली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्याच पट्ट्याजवळून जाणार होतं. मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. वहिनीने उचलला.

“वहिनी, बोटी कुठे आहेत?”

“बाहेर. का हो वन्सं?”

“उद्या दुपारी वादळ आहे. आपल्याकडेच. आजची भरती किती वाजता?”

“साडेबाराला भरेल पाणी. थांबा, ह्यांना देते.”

दादाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाय, मेसेज तर आला नाय अजून.”

“मेसेज मीच वाचणार आहे, दादा! माझ्या हातात कागद आहे.”

“ते बरोबर. पण मच्छीमार सोसायटीचे चेअरमन म्हणतात, मेसेज आल्याशिवाय बोटी हलवायच्या नायत. मागच्या वेळी तीनदा आत घेतल्या नि वादळ गेलं गुजरातला. लोक वैतागलेत.”

“अरे, पण मी सांगतेय ना!”

“तू लांब आहेस, तुला भीती वाटणारच. मेसेज येऊ दे. आला की लगेच काढतो बोट.”

सख्खी बहीण फोनवर सांगते, त्यावर विश्वास नाही. तोच आवाज यंत्रातून आला, वर संगीत वाजलं, की विश्वास. मी दादाला काहीतरी वाईट बोलले, काय ते आता आठवत नाही. त्याने फोन वहिनीकडे दिला.

वहिनीने मला एकच प्रश्न विचारला. “नक्की ना, वन्सं?”

“नक्की.”

“मग किनाऱ्यावरच्या होड्या तरी मी बघते. मोठ्या बोटींचं तुम्ही बघा. लवकर पाठवा काय तो मेसेज.”

नंतर मला कळलं, की फोन ठेवून ती थेट वाडीतल्या बायकांकडे गेली. आमच्याकडे बायका बोटीवर पाय ठेवत नाहीत, वाळूवरच्या होडीला हात लावला तरी म्हातारे कुरकुरतात. त्या दिवशी वीसेक बायकांनी पदर खोचले, ओंडके घातले आणि एकेक होडी ओढत थेट सुरूच्या झाडांपर्यंत नेली. एका म्हाताऱ्याने आरडाओरड केली, तेव्हा वहिनी त्याला म्हणाली, “काका, शिव्या बसून द्या, नायतर दोराला हात लावा.” त्याने दोराला हात लावला.

इकडे मी सरांच्या टेबलापाशी गेले. त्यांच्या मजकुरात वाऱ्याचा वेग होता, लाटांची उंची होती, ‘संचार टाळावा’ होतं. बोटी आत घ्या, असं कुठेच नव्हतं. समुद्रात जाऊ नका, हे सांगून काय उपयोग? बोटी समुद्रातच उभ्या होत्या. मी म्हटलं, “सर, एक ओळ घालायला हवी. ‘आज दुपारच्या भरतीला बोटी खाडीत घ्या. रात्रीच्या भरतीची वाट पाहू नका.’”

त्यांनी क्षणभर विचार केला. “हां, चांगलं आहे. अ‍ॅक्शनेबल आहे. घाला.”

मला इतका आनंद झाला, की मी त्यांचे आभार मानले. दहा वाजता मी रेकॉर्डिंग करून दिलं.

पण आमच्याकडे रेकॉर्डिंग झालं म्हणजे फोन गेला असं नसतं. मजकूर तपासणीला जातो. तपासणाऱ्या बाईंना मराठी येत नाही. त्या मराठी मजकूर यंत्रात घालून त्याचं इंग्रजी करतात आणि ते मूळ इंग्रजीशी ताडून पाहतात. साडेदहाला त्यांनी मला बोलावलं. स्वभावाने अगदी गोड बाई. स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मैडम, ये रिक्रूटमेंट वाली बात कहाँ से आ गई? मछुआरों को किस भर्ती में बुला रहे हैं?”

यंत्राने भरतीचं भाषांतर नोकरभरती असं केलं होतं. दुपारच्या नोकरभरतीला बोटी घेऊन या. रात्रीच्या नोकरभरतीची वाट पाहू नका.

आजही हे कोणाला सांगितलं की लोक हसतात. मलाही त्या क्षणी हसू आलं असतं, जर घड्याळ दिसलं नसतं. मी हिंदीत समजावून सांगितलं, की ज्वार, मैडम, ज्वार-भाटा, समुद्राचं पाणी चढतं ते. त्या म्हणाल्या, “अच्छा अच्छा, समझ गई. पर सिस्टम में तो मिसमैच आ रहा है ना. और ये लाइन ओरिजिनल में है भी नहीं.” त्यांच्या हातात होतं ते एवढंच, की लाल खूण करून मजकूर सरांकडे परत पाठवायचा. त्यांनी तो पाठवला.

सर म्हणाले, “मॅडम, सिंपल आहे. ती लाइन काढा. मी आत्ता, या मिनिटाला सोडतो.”

“नाही काढणार.”

“अहो, बाकीचा मेसेज अप्रूव्हड आहे.”

“बाकीच्या मेसेजमध्ये काही सांगितलेलंच नाही, सर! ही एकच ओळ कामाची आहे.”

“मग क्लायंटकडून अप्रूव्हल घ्यावं लागेल. त्यांचे साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

“घ्या. फोन करा त्यांना.”

त्यांनी फोन केला, कोणी उचलला नाही. त्यांनी ईमेल लिहिला. मी त्यांच्या मागे उभी राहून तो वाचत होते. पहिल्या दोन ओळी ‘आशा आहे आपण कुशल असाल’ या अर्थाच्या होत्या. मी म्हटलं, “सर, ते कुशल आहेत. पुढे लिहा.” त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला कधी असं बोलताना पाहिलं नव्हतं त्यांनी.

साडेअकरा वाजले. वहिनीचा फोन आला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. “वन्सं, पाणी चढायला लागलंय. मेसेज कुठाय?”

“येतोय.”

“हे जेटीवर उभे आहेत. सगळेच उभे आहेत, फोन हातात धरून.”

“येतोय, वहिनी. दहा मिनिटं.”

बाराला पुन्हा फोन. मी पुन्हा म्हटलं, येतोय. साडेबाराला तिने फोन केला तेव्हा मी उचलला नाही. फोन टेबलावर गुरगुरत राहिला आणि मी त्याच्याकडे पाहत राहिले. सर जेवायला गेले होते. त्यांचा डबा रोज त्याच वेळी येतो.

क्लायंटचं उत्तर एक वाजून दहा मिनिटांनी आलं. ओळ मंजूर होती. फक्त ‘भरती’ हा शब्द संदिग्ध असल्याने तो बदलावा असं त्यांचं म्हणणं होतं. सरांनी बदलला. ‘समुद्राच्या पाण्याची पातळी वाढलेली असताना बोटी सुरक्षित स्थळी हलवाव्यात.’ मी काचेच्या खोलीत जाऊन ते वाचलं. गोड आवाजात, योग्य जागी थांबत. पावणेदोनला किनाऱ्यावर फोन वाजले.

दादाने मला लगेच फोन केला. तो ओरडला नाही. “बाय, आला मेसेज. पण ओहोटी लागली. आता बोटी गाळावर टेकतील.”

“रात्री?”

“बघू. रात्री पाणी कमी असतं, तुला म्हाईत आहे.”

मला माहीत होतं. तीच ओळ तर मी लिहिली होती.

रात्रीच्या भरतीला दोन लहान बोटी कशाबशा आत गेल्या. मोठ्या सात बाहेर राहिल्या, त्यांत आमची. दादाने आणि इतरांनी ठरवलं, की सकाळी उजाडताच जाऊन प्रत्येक बोटीला दुसरा नांगर टाकायचा, दोर दुप्पट करायचे, इंजिनावर ताडपत्री बांधायची आणि वारा वाढायच्या आत परत यायचं. त्याहून जास्त काही करण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात दुसरी सूचना वाचत होते. नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अशी काहीतरी. बाहेर आले तर वहिनीचे चार मिस्ड कॉल. मी लावला. तिकडे वारा इतका होता, की तिचा आवाज तुटत होता.

“वन्सं... बोट गेलं...”

“बोट गेली? एवढ्यात? वारा तर दुपारी...”

“बोट गेलं!”

“वहिनी, बोट जाऊ दे! दादा कुठे आहे? दादा उतरला ना?”

“अहो बोट नाय, बोट! ह्यांच्या हाताचं! नांगराच्या दोरात आलं. तुटूनच गेलं...”

मग फोनच बंद पडला. पुन्हा लागला नाही. टॉवर पडले होते.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आमच्या भाषेत समुद्रातली बोट आणि हाताचं बोट यांना एकच शब्द आहे, हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. मी म्हटलं होतं, बोट जाऊ दे. ते वाक्य मला त्यानंतर कितीतरी दिवस ऐकू येत होतं.

दीड दिवस काही कळलं नाही. त्या दीड दिवसात दिल्लीत काय झालं ते सांगते, कारण माझा राग खरा तिथे पेटला. वादळ किनारा ओलांडून उत्तरेकडे सरकलं, विरत विरत इथवर आलं आणि मे महिन्याच्या त्या भाजणाऱ्या उन्हात एका दुपारी गार वारा सुटला. ढग आले, चार थेंब पडले. अख्खं ऑफिस खिडकीशी. “यार, क्या मौसम हो गया! बिल्कुल हिल स्टेशन!” कोणीतरी समोसे मागवले. एका मुलीने माझ्या टेबलावर कागदाच्या डिशमध्ये दोन समोसे आणि हिरवी चटणी ठेवली आणि प्रेमाने म्हणाली, “खाओ ना दीदी, आपका तूफान तो बड़ा अच्छा निकला.”

तिला काहीच माहीत नव्हतं, हे मला कळतं. तरी मी ती डिश उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली, तिच्यासमोर. ती रडायला लागली. मी तिची माफी मागितली, पण ती दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी मला कोणाचीही माफी मागायची नव्हती. हे सगळे लोक त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, मच्छीमारांच्या जिवासाठी पगार घेत होते, आणि त्यांच्या तोंडात चटणी होती. पगार मीही घेत होते.

घरी मुलीने विचारलं, “आई, मामा ठीक है ना?” ती इथेच वाढली, मराठी बोलते पण मध्येच घसरते. मी तिच्यावरही ओरडले, की मराठीत विचार. बिचारी नीट जुळवून म्हणाली, “मामा बरा आहे ना?”

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन लागला. दादा जिल्ह्याच्या हॉस्पिटलात होता. दुसरा नांगर टाकताना लाटेने बोट उचलली, दोर ताणला आणि उजव्या हाताची तर्जनी दोर आणि खुंट्याच्या मध्ये सापडली. खलाशांनी त्याला होडीत घालून किनाऱ्यावर आणलं होतं. दुपारी वारा आला तेव्हा सातपैकी चार बोटींचे नांगर सुटले. आमची बोट टेकडीच्या टोकाखालच्या कातळावर आपटली. फळ्यासुद्धा कामाच्या उरल्या नाहीत. बायकांनी सुरूच्या बनात नेलेल्या होड्या मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या, एकीला ओरखडाही नाही. आणि माणूस एकही गेला नाही. वहिनी हे सगळं एका दमात, बाजारातला भाव सांगावा तशी सांगत होती. शेवटी म्हणाली, “हे बोलत नायत. भिंतीकडे तोंड करून झोपलेत.”

महिनाभराने ऑफिसात एक बैठक ठरली. क्लायंटचे साहेब येणार होते. सरांनी मोठ्या पडद्यावर दाखवायला काही तयार केलं होतं. त्यात एक ओळ अशी होती, की वादळ येण्याच्या जवळजवळ एक दिवस आधी सूचना पोचली. ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं, आदल्या दिवशी दुपारी सूचना पोचली. मी तो आकडा पाहत बसले आणि मला कळेना, की खरं असलेलं वाक्य इतकं खोटं कसं असू शकतं.

बैठकीत किनाऱ्यावरच्या कोणाशी तरी फोनवर बोलायचं असं ठरलं होतं. सरांना आतापर्यंत कळलं होतं, की माझं माहेर तिथलं. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या वहिनीच बोलतील का? महिला आहेत, चांगलं दिसेल.” मी हो म्हटलं. वहिनीला मी काहीही पढवलं नाही.

टेबलाच्या मधोमध स्पीकर ठेवला होता. सरांनी छान मराठीत विचारलं, “नमस्कार ताई. आमची सूचना तुम्हाला मिळाली का?”

“मिळाली.”

“त्याचा काय फायदा झाला?”

“ओहोटी लागल्यावर मिळाली,” वहिनी म्हणाली. “आमच्या होड्या वाचल्या त्या आम्ही ओढल्या म्हणून. बोटी गेल्या. तुमच्या मेसेजात वारा किती, लाट किती, सगळं होतं. दर्या केवढा उसळतो ते आम्हाला दारात बसून दिसतं, साहेब. कधी उसळणार आणि आम्ही काय करायचं, ते वेळेत सांगा. त्याला असं लांबलचक कशाला बोलायला पायजे?”

सर हसले. “नक्की, नक्की. मग पुढच्या वेळेसाठी काही सूचना?”

“भरतीच्या आधी फोन करा. पाण्याला तुमच्या जेवणाची सुट्टी नसते.”

मी तिला डब्याचं कधी सांगितलं नव्हतं. तिने आपलं सहज म्हटलं असावं. सरांनी झटकन म्यूटचं बटण दाबलं आणि साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, की ताई जरा भावनिक झाल्या आहेत, त्यांचं नुकसान झालंय.

मी उठले. हात लांब करून म्यूट काढला. आणि त्या खोलीत पहिल्यांदाच माझ्या आईच्या मराठीत बोलले. “वहिनी, हे तुमचा आवाज बंद करून सांगतायत, की तुम्ही इमोशनल झालात. तुम्ही इमोशनल झालात काय?”

मग स्पीकरमधून आलं, “मी मासळी मार्केटात बसलेय, वन्सं. माझ्यापुढे गिऱ्हाईक उभं हाय. मला टाइम नाय इमोशनल व्हायला.”

साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी सरांना विचारलं, काय म्हणाल्या? सर पडद्यावरचं पुढचं पान उघडायला लागले. मग मीच त्यांना हिंदीत सगळं सांगितलं. भरतीचं, नोकरभरतीचं, ईमेलच्या पहिल्या दोन ओळींचं, जेटीवर फोन हातात धरून उभ्या असलेल्या माणसांचं, दादाच्या तर्जनीचं. मला थांबवायचा कोणी प्रयत्न केला नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मला वाटलं होतं, नोकरी जाणार. गेली नाही. उलट दोन गोष्टी बदलल्या. वादळाची सूचना आता तपासणीसाठी थांबत नाही, आधी जाते आणि मग तपासली जाते. आणि प्रत्येक बंदराच्या भरतीची वेळ मजकुरात घालायची, असं ठरलं. सर माझ्याशी पूर्वीइतकेच सभ्यपणे वागतात, पण टेबलापाशी बोलावत नाहीत, ईमेल करतात. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

पण त्यानंतर एका रविवारी मी वहिनीला फोन केला आणि एक गोष्ट सांगितली. ती मी तोवर कोणालाही, नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

“वहिनी, त्या दिवशी पावणेअकराला सर म्हणाले होते, ती ओळ काढा, आत्ता सोडतो. मी नाही म्हटलं.”

“कुठली ओळ?”

“भरतीला बोटी आत घ्या, ती. मला वाटलं, तीच तर कामाची आहे.”

ती सावकाश म्हणाली, “म्हणजे ती ओळ काढली असती तर मेसेज अकराच्या आत आला असता?”

“हो.”

“पण आत घ्यायच्या ते आम्हाला कळत होतं, वन्सं. ते काय मेसेजातून शिकायचं होतं? ह्यांना नुसता फोन वाजायला पायजे होता. काय बोलताय ते कोण ऐकत होतं! फोन वाजला असता तर चेअरमन हो म्हणाले असते आणि बाराला बोटी आत.”

“मला वाटलं...”

“तुम्हाला वाटलं, तुमचं बरोबर आहे. होतंच बरोबर. पण काढायची होतीत ती ओळ.”

तिने फोन ठेवला. तिच्या आवाजातला राग मी ओळखला, कारण तो हुबेहूब माझ्यासारखा होता. आणि तो योग्य जागी होता. मी कितीतरी दिवस यंत्रावर, तपासणाऱ्या बाईंवर, सरांवर, चेअरमनवर, दादावर, दोन समोशांवर चिडत राहिले. वहिनीने मात्र एका प्रश्नात हिशेब संपवला.

आठवडाभर तिने माझा फोन उचलला नाही. मग एके सकाळी, मी कालकाजीला मेट्रो बदलत असताना, तिचाच फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. म्हणाली, दादा शेजारच्यांच्या बोटीवर तांडेल म्हणून जायला तयार झालाय, पण चार बोटांनी दोर नीट धरता येत नाही म्हणून कोणाशी बोलत नाही. तुम्ही बोला. मी म्हटलं, तो माझ्याशी बोलेल का? ती म्हणाली, ते मला म्हाईत नाय, देते फोन. आणि मी गर्दीत एका खांबाला टेकून उभी राहिले. पलीकडे फोन हातात घेतल्याचा आवाज आला, श्वास आला, पण शब्द आला नाही. मी म्हटलं, “दादा, मी बोलतेय.”